दारावर बोललेले दोन शब्द

बाररूममधल्या नव्या पोरांना एक प्रश्न फार आवडतो. पुढाऱ्याचं बोलणं मागचंपुढचं तोडून पेपरात छापलं, तर त्याला अब्रुनुकसानीची केस करता येते का? मी आता कोर्टात जातो तो पेपर वाचायला आणि चहा प्यायला, तरी कुणीतरी मला हे विचारतंच. येते, असं मी सांगतो. शब्द त्याचेच असले, पण तोडल्यामुळे त्याच्या तोंडी भलताच अर्थ गेला आणि लोकांत त्याची मान खाली गेली, तर केस होते. पुढारी झाला म्हणून त्याची अब्रू काही वाऱ्यावर सोडलेली नसते. एवढं सांगून मी चहाकडे वळतो. पुढचं सांगायचा मला कंटाळा येतो, कारण पुढचं कुठल्या कलमात नाही.

दुष्काळाच्या सालातली गोष्ट आहे. मी जळगावला एका नावाजलेल्या वकिलांकडे ज्युनिअर होतो. ज्युनिअर म्हणजे तारखा घ्यायच्या, नकला आणायच्या आणि पक्षकारांना ‘साहेब येतीलच’ म्हणून दोन तास बसवून ठेवायचं. एका सकाळी धुळ्याच्या वाटेवरच्या एका तालुक्याचे सभापती ऑफिसात आले. पंचायत समितीचे सभापती. पन्नाशीचे, उंच, धोतर-टोपीतले. त्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा. त्यांनी धुळ्याहून निघणारं एक चार पानी साप्ताहिक टेबलावर उलगडून ठेवलं. पहिल्याच पानावर मोठ्या टायपात होतं: ‘खडी फोडताना मजूर बाईचा अंत. सभापती म्हणतात, सुटली बिचारी!’

“हे मी बोललो,” आबा म्हणाले. “पण असं नाही बोललो.”

बाई छातीच्या दुखण्यानं दोन वर्षं अंथरूण धरून होती. घरात खायला नाही म्हणून उठून दुष्काळी कामावर गेली आणि आठव्या दिवशी खडीच्या ढिगाशेजारी बसली ती उठलीच नाही. आबा तिच्या घरी दारावर गेले. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. आबांचं निम्मं राजकारण यातच होतं, आणि निम्मं कशाला, मला वाटतं सगळंच. भाषण त्यांना येत नसे. पण तालुक्यात कुणी गेलं आणि आबा दारावर आले नाहीत, असं झालं नव्हतं.

दारावर बोलायची एक रीत आहे. आपण नवीन काही बोलायचं नसतं. घरचं माणूस जे म्हणेल तेच आपण हळू आवाजात परत म्हणायचं, म्हणजे त्याचं ओझं थोडं आपण घेतलं असं होतं. आबा दाराशीच बसले. बाईची सासू आत भिंतीला टेकून होती. ती अहिराणीत म्हणाली, “सुटनी बिचारी. भू भोगं तिनी.” फार भोगलं तिनं. आणि आबा म्हणाले, “हां अक्का, सुटनी बिचारी.” झालं एवढंच. पण साप्ताहिकाचे संपादक बाहेर ओट्यावर बसले होते. दुष्काळी कामाची बातमी करायला ते धुळ्याहून एसटीनं आले होते. म्हातारीचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नाही, आबांचा गेला.

आमच्या साहेबांनी चष्मा काढून बातमी दोनदा वाचली. बाकीची बातमी खरी होती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचा त्रासही होत होता. कामावर सावलीला मांडव नव्हता, पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा, मजुरांना सुकडीचा खाऊ वाटायला माणूस नव्हता. हे सगळं सभापतींच्या अंगावर येणारच होतं, आणि ते त्यांनी नाकारलंही नाही. “ते छापू द्या,” आबा म्हणाले. “मांडव मी घालायला पाहिजे होता. त्याच्यासाठी मला जोडे मारा. पण कुणाच्या मरणाला मी असं बोललो, हे मला सहन होत नाही.”

सहन होणार कसं? बसस्टँडवर गाडी हलली की पोरं आबांकडे बघून ‘सुटली बिचारी’ म्हणून ओरडायची. ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण दोन घरांत ते दारावर गेले, तेव्हा तिथली माणसं गप्प झाली. कुणी काही बोलेचना. आबा पाच मिनिटं बसून उठून आले. तिसऱ्या घरी ते गेलेच नाहीत.

फिर्याद दाखल झाली. संपादकांना समन्स गेलं. ते निवृत्त शिक्षक होते, कापडी पिशवी घेऊन धुळ्याहून यायचे, कोर्टाच्या आवारात बाकावर बसून डबा खायचे. आमच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. संपादक म्हणणार, ऐकलं तेच छापलं, लोकांच्या भल्यासाठी छापलं. मग आपण दाखवायचं की हे वाक्य आबांचं नव्हतंच, ते म्हातारीच्या वाक्याला दिलेलं उत्तर होतं. त्याला साक्षीदार एकच. “तिला घेऊन या,” साहेब मला म्हणाले.

मी गेलो. म्हातारी दारात तुरीच्या शेंगा निवडत होती, मूठभरच होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं मान खाली घालूनच ऐकलं आणि म्हणाली, “येसू ना भाऊ. मीच म्हनं ते. आबा ते मन्हा मांगे बोलनात.” मला इतकं हायसं वाटलं, की तिच्या घरचा बिनदुधाचा चहा मी दोनदा घेतला. केस जिंकलो असं मनात धरून परत आलो. शहाणपण सगळं माझ्याकडेच होतं त्या वयात.

साक्षीच्या आधी साहेब साक्षीदाराची तयारी करून घेत. समोरचा वकील कसा विचारील, तसं स्वतः विचारत. म्हातारीला खुर्चीवर बसवलं, तर ती घसरून खाली सतरंजीवर बसली. आबा दाराशी उभे होते. साहेबांनी आवाज बदलला.

“सून वारल्यावर ‘सुटली बिचारी’ हे शब्द पहिले तुम्ही बोललात?”

“हां.”

“म्हणजे सून गेली ते बरं झालं, असं तुम्हाला वाटलं?”

“भू तरास व्हता तिले...”

“तेवढंच विचारलंय. वाटलं की नाही?”

म्हातारीनं साहेबांकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. “वाटनं,” ती म्हणाली. “हां. वाटनं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते कागदावर लिहून घेतलं होतं, सवयच होती. मग लिहिलेलं वाचलं. सासू म्हणते, सून मेली ते बरं झालं. प्रश्न बाजूला गेला, त्रास बाजूला गेला, उरली एवढी ओळ. जे संपादकांनी आबांचं केलं, तेच मी माझ्या हातानं म्हातारीचं केलं होतं, आणि तेही कोर्टात शपथेवर होणार होतं.

आबा आत आले. “राहू द्या, साहेब.”

“अहो, आपली बाजू चांगली आहे.”

“असू द्या. हिच्या सुनेचं माहेर पलीकडच्याच गावात आहे. घरात दोन नातवंडं आहेत. उद्या हे पेपरात आलं तर हिनं तोंड कुठं लपवायचं? मला निदान तालुका आहे. हिला तेवढं एक घर आहे.” मग ते वाकले आणि म्हणाले, “चाला अक्का, घर जाऊत.”

“व्हयनं का काम?” झालं का, असं तिनं विचारलं.

“व्हयनं.”

फिर्याद मागे घेतली. पुढच्या अंकात साप्ताहिकानं दोन ओळी छापल्या: सभापतींनी फिर्याद मागे घेतली. एवढंच, आणि एवढंच खरंही होतं. ज्याला जे समजायचं ते त्यानं समजून घेतलं. मला राग आवरेना, मी कुणाला न सांगता धुळ्याला गेलो. संपादकांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी जुना अंक काढून ती बातमी पुन्हा वाचली. माणूस वाईट नव्हता, त्याचाच मला जास्त वैताग आला. “खुलासा लिहून द्या,” ते म्हणाले, “पहिल्या पानावर छापतो.” मी कागद घेतला. म्हातारीला मध्ये न आणता खुलासा होईना. तीनदा लिहिला, तीनदा फाडला आणि संध्याकाळच्या एसटीनं जळगावला परतलो.

आबांना पुढं तिकीट मिळालं नाही. दारावर जाणं तर त्यांनी सोडलंच होतं. चारपाच वर्षांनी अर्धांग झालं आणि मग दोन वर्षं ते खाटेवर पडून होते. वाचाही गेली होती. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. म्हातारी अक्का त्याआधीच वारली होती. ओट्यावर पंचवीसतीस माणसं बसली होती, तालुक्यातली जुनी, आबांची. आबांची बायको भिंतीला टेकून बसली होती. दोन वर्षं त्या माणसाला तिनं एकटीनं उचलून बसवलं, घास भरवला. थोड्या वेळानं तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “सुटनात बिचारा. भू भोगं त्यास्नी.”

कुणी बोललं नाही. सगळ्यांना ते शब्द आठवत होते. माणसं खाली बघत राहिली, एकानं उगाच खाकरून घेतलं. ती आमच्याकडे एकेकाकडे बघत होती. माझ्यावर तिची नजर थांबली, कारण मी आबांचा वकील. त्या शब्दांत काही वाईट नाही हे तिथं कुणाला पक्कं माहीत असेल तर ते मला होतं. अक्का असती तर एका दमात तेच परत म्हणाली असती. माझी मात्र जीभ उचलली नाही. मी चक्क मागं वळून पाहिलं, कुणी पेपरवाला तर नाही ना.

पेपरवाला कुणीच नव्हता. तिनं आणखी थोडी वाट पाहिली, मग आतल्या बाईला हाक मारली आणि आम्हाला म्हणाली, “चहा ल्या.”