तिघांच्या नावानं गाऱ्हाणं

त्या दुपारी आमची होडी परतली नव्हती. वारा उलटला होता, फोन लागत नव्हता, आणि देव आहे की नाही याचीच मला शंका येऊ लागली होती.

होडीवर आमच्या वाडीतले बाबीकाका, होडी हाकणारे तांडेल, आणि झारखंडहून आलेले सोमरा आणि जतरू हे दोघे खलाशी. समुद्र त्यांनी इथंच पहिल्यांदा पाहिला. मालवणी बोलायला, मासळी निवडायला मीच त्यांना शिकवलं. मला ते वैनी म्हणत. गाव मात्र त्यांना 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणे. मासळी कमी मिळाली की पायगुण त्यांचाच.

देवळात गावचे मानकरी असलेल्या गावकारांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आमच्या बाबीक सुखरूप घराक घेवन ये." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी वाट पाहिली. पुढं नाव येईना.

"आणि त्या दोघांका?" मी विचारलं.

"ते भायले गो. तेंचो देव तेंका बघतलो," गावकार म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. "होडी एकच आसा," एवढंच बोलून मी बाहेर पडले. किनाऱ्यावर जाऊन देवाला नको नको ते बोलले. गाव विचारून माणसं वाचवणार असशील तर तुझ्यापुढं दिवा कशाला लावायचा?

माझं बोलणं ऐकून एक म्हातारी मासळीची पाटी खाली ठेवून शेजारी बसली. आरोंद्याहून लेकीकडे आलेय म्हणाली; मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"नावां सांग गो तेंची."

मी तिघांचीही सांगितली. तिनं समुद्राकडे हात जोडले. "बा देवा म्हाराजा, सोमरो आनि जतरू आवशी-बापाशीक सोडून तुझ्या राज्यात कामाक इलेहत. बाबीबरोबर तेंकाय सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. मागूनही तेच शब्द आले. बाबीकाकांची बायको माझ्या पाठोपाठ आली होती. तिचे डोळे भरले होते.

दिवस मावळताना रेडी बंदराकडून येणाऱ्या एका ट्रॉलरनं आमची होडी ओढत आणली. तिघेही सुखरूप होते. इंजिन बंद पडून होडीत पाणी शिरल्यावर सोमरा आणि जतरूनं आळीपाळीनं ते उपसलं, म्हणून होडी तरली. म्हातारीला शोधलं, तर ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाबीकाका दोघांना घेऊन देवळात गेले. "आता तिघांच्या नावान घाल," ते म्हणाले. गावकारांनी घसा खाकरला आणि गाऱ्हाणं घातलं.

गावकारांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण देवाला शरण जायला मन आधी शांत व्हावं लागतं, असं मी समजत होते. त्या दिवशी मी संतापलेलीच गेले होते, आणि त्यानं मला तशीच जवळ घेतलं.