तारबाईची खिडकी

माझ्या थोरल्या बहिणीला कॉलेजात सगळे 'तारबाई' म्हणतात. मी ताई म्हणते, आणि रागात असले की काहीच म्हणत नाही. तारा-उपकरणं देणाऱ्या साहित्य विभागाच्या खिडकीत ती बावीस वर्षं बसते आहे. मागे भिंतभर कप्पे, कप्प्यांत केबली. वर्गावर जाणारा प्रत्येक प्राध्यापक आधी तिच्यापुढे हात पसरतो. मी पलीकडच्या टेबलावर टपाल बघते, त्यामुळे तिची वाक्यं मला तोंडपाठ आहेत.

ताई कप्प्यात हात घालते, केबलीच्या टोकावरून अंगठा फिरवते आणि सुरू होते. "दोन्हीकडे स्क्रू, मधे पिनांच्या तीन ओळी, ही व्हीजीए. जुन्या प्रोजेक्टरला. फक्त चित्र येईल, आवाजाचं वेगळं बघा." "खालचे दोन्ही कोपरे दबलेले, ही एचडीएमआय. चित्र आणि आवाज एकदम." "एकच कोपरा कापलेला, म्हणजे डिस्प्लेपोर्ट. काढताना वरची कळ दाबा, नाहीतर कॉम्प्युटरची खाच उपटून हातात येईल." प्रिंटरची यूएसबी तर चौकोनी, ठेंगणी, ती अंधारातही कळेल म्हणते.

एकदा एक बाई व्हीजीए घेऊन भांडायलाच आल्या. म्हणे एक पिन तुटलेली केबल दिलीत. ताई म्हणाली, "ती पिन पहिल्यापासूनच नाही. पुष्कळ केबलींना नसते. चला, खरं दुखणं कुठे आहे ते बघू." दुसरे एक सर पेन ड्राइव्ह दिसत नाही म्हणून तणतणत आले. साहेबांनी तो लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या तारेच्या भोकात खुपसला होता! आणि गंमत म्हणजे बसतो हो तिथे, अगदी मापाचा असल्यासारखा. ताई म्हणाली, "सर, शेजाऱ्याच्या घरात शिरलात. बाहेर या." सर स्वतःच खो खो हसले.

हे सगळं हातावर चालायचं, कारण गेली दोन वर्षं ताईला बारीक दिसत नव्हतं. माणसं ओळखू यायची, भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, अक्षरं मात्र गेली. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता चष्म्याचाही उपयोग नाही. निवृत्तीला चार वर्षं बाकी. कुणाला कळलं तर खिडकी जाईल, या धास्तीने आम्ही दोघींनी तोंडाला कुलूप लावलं. कागद मी वाचायचे, ती सही करायची.

मग आल्या यूएसबी-सी, म्हणजे सी केबली. दोन्ही टोकं सारखी, उलटी लावा, सुलटी लावा, बसतेच. लोक खूश. ताई वैतागली. कारण सगळ्या सी केबली हाताला एकसारख्या लागतात, काम मात्र प्रत्येकीचं निराळं. कुणी नुसतं चार्जिंग करते, कुणी फाइली झपाट्याने नेते, कुणी चित्रही नेते. काय ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तेही असलं तर. नवी खोकी आली की मी वाचायचे आणि केबली तीन कप्प्यांत टाकायचे. ताई कप्प्यावर विश्वास ठेवायची, म्हणजे माझ्यावर.

परवा एका मुलीची तोंडी परीक्षा होती, पाच वर्षांच्या संशोधनाची. परीक्षक बाहेरून आलेले, त्यांना दुपारी परतायचं होतं. मुलीने सकाळीच खिडकीतून चित्र नेणारी सी केबल मागून नेली. अर्ध्या तासात शिपाई धावत आला, "तारबाई, पडद्यावर काहीच येत नाही!"

आम्ही दोघी सभागृहात गेलो. मुलगी रडकुंडीला आलेली. तिचे मार्गदर्शक भर सभेत ओरडत होते, "लॅपटॉप तपासून आणता येत नाही? आता बसा पुढच्या तारखेची वाट बघत!" प्राचार्य कपाळाला आठ्या घालून उभे होते. ताईने शांतपणे विचारलं, "बाळ, या केबलीवर लॅपटॉप चार्ज होतोय का?" मुलीने मान हलवली. "बोलून सांग गं." "हो, होतोय." "मग तुझा लॅपटॉप ठणठणीत आहे. ही केबल नुसती चार्जिंगची आहे." तिने पिशवीतून सी टू एचडीएमआयचा जोड काढला, तिथली एचडीएमआय केबल त्याला लावून लॅपटॉपला चाचपून बसवला. पडदा उजळला. मुलीने अक्षरशः हात जोडले.

"पण अशी केबल आली कुठून?" प्राचार्यांनी विचारलं.

मी तोंडातल्या तोंडात म्हणून गेले, "तिची स्वतःचीच असेल." ताईने मला कोपराने बाजूला सारलं.

"माझ्या खिडकीतून गेली, सर. मला बारीक दिसत नाही. दोन वर्षं झाली. लपवलं, ते चुकलं."

प्राचार्य एवढंच म्हणाले, "परीक्षा होऊ द्या. संध्याकाळी भेटा."

खिडकीशी परतल्यावर मी ताईवर तुटून पडले. "अगं वेडे, ती केबल चुकीच्या कप्प्यात मी टाकली! बोलता बोलता, न वाचता. तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझं नाव घेतलं असतं, तर माझ्या डोळ्यांचं गुपित तसंच झाकलेलं राहिलं असतं. आणखी चार वर्षं हेच नाटक. त्या मुलीचं तोंड बघितलंस ना?"

मला रडू फुटलं आणि संतापही आला. "आणि आता माझी चूक झाकतेस, ते चालतं?" संध्याकाळची वाट न बघता मी तडक प्राचार्यांच्या खोलीत शिरले.

"सर, चूक माझी आहे. त्या मुलीवर ढकलली, तेही मीच. ताईच्या हाताने बावीस वर्षांत चुकीची केबल दिली नाही. काढायचं तर मला काढा."

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पडद्यावर चित्र आलं की नाही, हे त्यांना दिसतं?"

"ते दिसतं, सर."

"मग प्रत्येक सी केबल आधी लावून बघा, त्यांच्यासमोर. मगच कप्प्यात. कागद तुम्हीच वाचा, पण आता सगळ्यांना सांगून. खिडकी त्यांची. आणि त्या मुलीची माफी मागा, आजच."

माफी मागून मी ताईकडे आले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होईल, निदान एक टोमणा तरी मारेल. तिने डोळे पुसले.

"दोन वर्षं फाटकातून आत येताना रोज वाटायचं, आज पकडली जाईन," ती म्हणाली. "उद्या नाही वाटणार गं."