अख्खी गिळायची गोळी

"गोळ्या फोडून घ्यायला कुणी सांगितलं?" अक्का गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "काय माहीत!" महिना झाला त्याला. तिकडे सासरचे माझ्या मुलीला पांढऱ्या पायाची म्हणतात, लग्नातच आत्या खाल्ली म्हणतात, आणि पोरगी मुकाट ऐकते. म्हणून आता सांगतो... मीच सांगितलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याजवळ खेड्यात एकटी राहायची. लघवीची इतकी घाई, की क्षणाचा दम निघायचा नाही. एसटीत चढली की कंडक्टरला आधीच बजवायची, "गाडी थांबाडजो रे, नही ते तुलेच धोवनी पडी!" सगळी बस हसायची, तीही हसायची. लाज वाटायची ती मला. डॉक्टरांनी तिला दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी दिली. रोज एकच, अख्खी गिळायची, फोडायची नाही, मनाने वाढवायची नाही. या गोळीने घाम कमी येतो, उन्हात जपायचं. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं होतं. मी नुसतं "हो हो" केलं.

मग जळगावात मुलीचं लग्न. भर मे, पत्र्याचा मांडव. हळदीत अक्का चारदा उठली आणि व्याह्यांकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझं टाळकं सटकलं. लग्नाच्या सकाळी म्हणालो, "आज दोन घे. फोडून घे, लवकर लागू होतील. पाणीही पिऊ नको. माझी अब्रू घालवू नकोस."

"डॉक्टर नही म्हने, भाऊ..."

मी स्वतः खलबत्त्यात कुटल्या, केळ्यात कालवून तिच्यापुढे धरल्या. काय माझं शहाणपण!

दुपारपर्यंत ती एकदाही लघवीला उठली नाही. मी खूश. मग तोंड लालभडक झालं, अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. "तोंड सुकी गयं रे भाऊ, पानी दे." थोड्या वेळाने पदरावरच्या नसलेल्या मुंग्या वेचू लागली, मेलेल्या दाजींना जेवायला बोलावू लागली. "म्हातारीला चळ लागला," कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मीही हसलो हो... खांदा दाबून म्हणालो, "गुपचूप बस, फोटो चाललेत." पाठवणीच्या गडबडीत ती खुर्चीवरून कोसळली. दवाखान्यात जरा शुद्धीवर आली तेव्हा गोळ्या फोडून घेतल्याचं डॉक्टरांना म्हणाली, माझं नाव घेतलं नाही, आणि चौथ्या दिवशी तिथेच वारली.

तेराव्यानंतर तिची पिशवी उघडली. दोन जादा परकर, प्लास्टिकचा कागद, आणि मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट. फोडलेलं, एक कमी. म्हणजे त्या दिवशी ती घालूनच बसली होती. माझ्या अब्रूची काळजी तिने आधीच घेतली होती. तरी मी चिडू नये म्हणून माझ्या हातचं खाल्लं.

ती पिशवी माझ्या खोलीत खुंटीला आहे. रविवारी घेऊन व्याह्यांकडे जातोय. मुलीला समोर बसवून सगळं सांगणार आहे.