पंखा तेवढा काढायचा राहिला

जुळारी, म्हणजे फिटर, निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने त्याला घड्याळ दिलं आणि बायकोने ताकीद दिली, की घरातल्या कुठल्याही चालत्या वस्तूला हात लावायचा नाही. तसा माणूस गुणी हो. चालत्या यंत्रावर पालथा हात ठेवून त्याला ताप आहे का नाही ते सांगायचा. माणसांच्या बाबतीत मात्र सगळा आनंद. पोटच्या मुलीशी बोलायचं, तर तेही बायकोमार्फत. "तिला म्हणावं, स्वेटर घाल." ती समोर बसलेली असायची. तीही त्याचीच मुलगी. "आई, बाबांना सांग, घातलाय." दोघांच्या मधे बायकोचं पार पोस्ट ऑफिस झालं होतं.

मुलीला घरात ठकी म्हणत. खरं नाव फक्त दाखल्यावर. ही ठकी कॉलेजात गेली आणि तिला कॉम्प्युटर हवा झाला. तोही तयार नको, सुटे भाग आणून घरी जोडायचा. बाप म्हणाला, जोडायचं काम माझं. मुलगी म्हणाली, वाचायचं काम माझं. झालं. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं आणि घरचे सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागले. आणि काय सांगावं, ती दोघं बोलायला लागली. कुठली पिन कुठे, कुठला स्क्रू बारका, कोण चुकलं, कोण आधी म्हणालं होतं. मुकी म्हणून ओळखली जाणारी बापलेक अशी कलकल करायची की बायकोला वाटायचं, आपल्या घरात पाहुणे उतरलेत की काय.

प्रोसेसरवर पंखा बसवायच्या आधी एक राखाडी पेस्ट लावतात, खालची उष्णता वर जावी म्हणून. वाटाण्याएवढी ठेवायची आणि पंख्याने दाबू द्यायची. ठकीने कपाळाला बाम चोळावा तशी बोटाने फासली. जुळारी म्हणाला, फिटिंगमधे बोट घालायचं नसतं. तिने ते बोट त्याच्याच बाहीला पुसलं आणि हसली. तो डाग शर्टावरून गेला नाही, आणि शर्ट त्याने बायकोला टाकू दिला नाही.

पुढे ठकी नोकरीला लांब गेली, इतकी लांब की इथे सकाळ झाली की तिथे दिवेलागण. रविवारी त्याच कॉम्प्युटरवर तिचा चेहरा यायचा. बोलायची मायलेकीच. जुळारी बाजूच्या खुर्चीत, फोटोत कोपऱ्यात आलेल्या काकांसारखा. पण शेवटी ठकी न चुकता कॉम्प्युटरची चौकशी करायची, "बाबा, आपला डबा बरा आहे ना?" आणि तो खुर्ची पुढे ओढून डब्याबद्दल बोलायचा. आठवड्याची त्याची शिदोरी तेवढीच.

आणि नेमका तो डबाच आजारी पडला. ठकी बोलताबोलता अर्ध्या पापणीवर गोठायची, मग पडदा काळा, मग यंत्र आपलं आपण पुन्हा सुरू. दोनदा असं झाल्यावर ती आईला म्हणाली, म्हातारा झालाय तो, पुढच्या रविवारपर्यंत नीट नाही झाला तर मी सरळ लॅपटॉप पाठवते. आई म्हणाली, पाठव की. जुळाऱ्याला मात्र ते पटेना. लॅपटॉपबद्दल ठकीशी बोलायचं काय? बंद उघड काय ते करायचं, बास.

सोमवारी त्याने यंत्र उघडलं. पहिला आळ आला बायकोच्या कव्हरवर. तिने फ्रिजला, मिक्सरला शिवलं तसं यालाही झालरीचं कव्हर शिवलं होतं. "त्याचा जीव गुदमरतोय," म्हणून याने ते काढून ठेवलं. यंत्र उघड्या अंगानेही बंद पडलं, आणि बायको दोन दिवस कव्हराची माफी मागायला लावत फिरली. मग धूळ झटकून झाली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासून झाल्या. मग वीजपुरवठ्याचा डबाच बदलला. दुकानवाला म्हणाला, काका, हे सोडा, नवीन घ्या. याने त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

एव्हाना लहान मुलालाही कळलं असतं. यंत्र सकाळी थंड असताना छान चालायचं, तापलं की बसायचं, निवलं की पुन्हा उठायचं. उभा जन्म बेअरिंगं तपासण्यात गेलेल्या माणसाला हे कळत नव्हतं होय? कळत होतं, पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण पंखा काढायचा म्हणजे खालची पेस्ट पुसावी लागणार. बाकी सगळं त्याच्या हातचं. ठकीच्या एकटीच्या हातचं काय ते तेवढंच. म्हणून रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं.

शनिवारी त्याने एकदाचा पंखा उचलला. खाली पेस्ट पार वाळून भेगाळली होती. आणि प्रोसेसरच्या चौकोनाच्या बाहेर, जिथे काही लागायलाच नको होतं, तिथे बोटाचा एक फराटा. घाईतला, जरा वाकडा. जुळारी कापूस हातात धरून नुसता बसला.

बायको दाराशी येऊन बघून गेली, पुन्हा आली. मग म्हणाली, "अहो, तिलाच विचारा की."

"काय विचारू?"

"पुसू का म्हणून."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून मुलीला फोन लावला. पलीकडे ठकी घाबरलीच. आईला काय झालं म्हणाली. त्याने सांगितलं, आई धडधाकट आहे, मी पंखा काढलाय.

"पेस्ट वाळली ना?" ठकी म्हणाली. "मी केवढी फासली होती. आठवतंय तुम्हाला?"

"हं. नवीन किती लावू?"

आता हे त्याला ठाऊक नव्हतं का? ठकीलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे.

"बाबा, इथे कोणी काही उघडतच नाही," ती म्हणाली. "बिघडलं की टाकतात." मग म्हणाली, "उद्यापर्यंत थांबाल? मी फोनवर असते, तेव्हा लावू. एकटे नका लावू."

"थांबतो की."

लॅपटॉपचं नाव तिनेही काढलं नाही, यानेही नाही.

फोन ठेवला आणि जुळाऱ्याने टेबलावर वर्तमानपत्र अंथरून यंत्र तसंच उघडं ठेवलं. संध्याकाळी बायकोने ताटं आणली, टेबल बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, दहा मिनिटांचं काम, उरका आणि मोकळं करा.

"ठकी येऊ दे."

"ती कुठे येतेय? फोन येतोय."

"हो, तेच," जुळारी म्हणाला, आणि ताट मांडीवर घेतलं.