अकॉर्डियनवाला आणि भाऊंची पेटी

दोन हजार सात-आठच्या सुमाराला हॉलंड हा देश माझ्या डोक्यात जायला लागला. त्या देशाने माझं काही वाकडं केलं नव्हतं. मी तिथे कधी गेलेही नव्हते. पण कुठेही कान उघडावा तर कुणीतरी डच माणूस वाजवत नाहीतर गात असायचा. बेसमेंटमध्ये माझी सोळा वर्षांची मुलगी डच डीजेंचं संगीत लावून अभ्यास करायची, निदान करते असं सांगायची. मी काम करायचे त्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरची मुलगी ऑपेराचा आवाज लावून रॉक गाणाऱ्या डच बायकांची भक्त. आणि टोरांटोच्या आसपासच्या आमच्या मराठी मंडळाला वेड लागलं होतं एका अकॉर्डियनवाल्याचं. पन्नास-साठ वादकांचा ताफा घेऊन जगभर फिरणारा हा गृहस्थ टीव्हीवर दिसायचा, ग्रोसरीच्या दुकानात त्याच्या डीव्हीडी दिसायच्या, आणि मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला कुणीतरी ती डीव्हीडी लावायचंच.

विदर्भाच्या निम्म्याएवढा देश. तरी जग त्यांच्या तालावर नाचतं. मुलगी एकदा म्हणाली, "आई, ही इज फ्रॉम लाइक अ टायनी टाउन, अँड एव्हरीबडी नोज हिम." तिचा आवडता कुणी डीजे होता. मी म्हटलं, तुझे आजोबाही लहानशा वस्तीतलेच आहेत, त्यांना कोण ओळखतं? तिने खांदे उडवले आणि हेडफोन लावले.

तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, आमच्याकडे बऱ्याच घरांत वडिलांना तसंच म्हणतात. भाऊ नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पण वस्तीत त्यांची ओळख गाण्यामुळे. संध्याकाळी कामावरून आले की पेटी खांद्याला लावून गायन पार्टीबरोबर निघायचे आणि गावोगाव जलसे करायचे. ज्या माणसाने आम्हाला माणसात आणलं, त्याची गाणी. कोणत्या माणसाने, ते मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. भाऊंच्या प्रत्येक गाण्यात, प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते नाव यायचं आणि समोरची सगळी माणसं ते नाव उचलून धरायची. काही गावांत दगडही आले. भाऊ म्हणायचे, दगड आला की आवाज चढवायचा.

तर हे भाऊ आमच्या घरी आले आणि चार दिवसांत त्यांनाही त्या अकॉर्डियनवाल्याचा नाद लागला. मी कामावर, मुलगी शाळेत, नवरा त्या वर्षी कॅल्गरीच्या प्रोजेक्टवर. भाऊ दुपारभर एकटे बसून ती डीव्हीडी बघत. ही उभी पेटी आहे, मला म्हणाले, भाता मधे घेतला आहे एवढंच. मग त्याच्या डाव्या हाताच्या बटणांवर दोन दिवस विचार करत बसले. इंग्रजीचा गंध नाही, डच तर लांबच राहिलं, पण तो माणूस कुठे श्वास घेतो आणि कुठे कोरसला सोडून देतो, हे त्यांनी मला रिमोट हातात धरून दाखवलं. मी फार वर्षांनी त्यांना एवढं खूश पाहत होते.

मंडळाच्या सांस्कृतिक विभागाच्या बाई केंब्रिजला राहत, इंग्लंडातल्या नव्हे, आमच्या इकडच्या. मूळच्या पुण्याच्या, बोलायला गोड, कामाला वाघ. जूनमध्ये अकॉर्डियनवाला टोरांटोत येणार म्हटल्यावर त्यांनी अख्खी बस ठरवली. मी भाऊंसाठी तिकीट काढलं आणि माझंही.

कार्यक्रम चांगला झाला, हे मला आजही कबूल करावं लागतं. वॉल्ट्झ झाले, सिनेमातली गाणी झाली, मग शेवटी दिवे मंद करून तो माणूस पुढे आला आणि इंग्रजीत सांगू लागला. माझा आजा दलदलीतून सरपण म्हणून जाळायची माती खणायचा, म्हणाला. चिखलात उभ्या असलेल्या त्या मजुरांचा एक पुढारी होता, त्याने त्यांना संप करायला, मालकांसमोर मान वर करायला शिकवलं. हे गाणं त्या पुढाऱ्याचं आहे, आमच्या गावात अजून गातात, त्याचं नाव आलं की माझ्याबरोबर मोठ्याने म्हणा. मी भाऊंच्या कानात सगळं मराठीत सांगितलं. ते खुर्चीत सरसावून बसले.

गाणं सुरू झालं. कडवं संपलं की ते नाव. पहिल्या वेळी लोक चाचरत म्हणाले, तिसऱ्या वेळी अख्खं स्टेडियम ओरडत होतं. आमच्या सांस्कृतिक बाई उभ्या राहून ओरडत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो पुढारी कोण, कुठला, कुणाशी भांडला, बाईंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मीही ओरडले. भाऊ ओरडले नाहीत, त्यांनी मांडीवर ठेका धरला होता. परत येताना बसमध्ये बाई सगळ्यांना सांगत होत्या की म्युझिकला भाषा नसते, धर्म नसतो, काही नसतं.

त्याच बसमध्ये भाऊ आपल्याच तंद्रीत गुणगुणायला लागले. स्वतःचं गाणं. हळू, खिडकीकडे तोंड करून. बाई पुढच्या सीटवरून वळल्या. ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, व्हॉट अ व्हॉइस! तुम्ही आमच्या स्नेहसंमेलनात गायलाच पाहिजे."

आमच्या मंडळात एक पद्धत आहे. गणपतीला आमचं घर जात नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाची मी मुलगी आहे, ते शक्य नाही आणि तशी अपेक्षाही कुणी करत नाही. पण सप्टेंबरच्या स्नेहसंमेलनाला सगळे जातात. त्यात दरवर्षी एक आयटम त्या उन्हाळ्यात व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचा असतो. कुणाची आई भोंडल्याची गाणी म्हणते, कुणाचे वडील नाट्यपद म्हणतात, आवाज कापतो, सगळे कौतुकाने टाळ्या वाजवतात. आमच्यासारख्या घरातलं कुणी त्या आयटममध्ये तोवर उभं राहिलेलं नव्हतं. मनाई नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

भाऊ कामाला लागले. आमच्या समाजाची इथे वेगळी असोसिएशन आहे, तिच्यातल्या एका कुटुंबाकडे पेटी होती, ती आणायला मी शनिवारी व्हिटबीपर्यंत गाडी हाणली. भाऊंनी ती बेसमेंटमध्ये खोलून साफ केली, दोन सूर लावून घेतले. पुढचे कित्येक दिवस खालून गाणं ऐकू यायचं. नातीने हेडफोन काढला आणि विचारलं, "इज दॅट आजोबा? दॅट्स अ सिक बीट." मी भाऊंना सांगितलं की ही शिवी नाही, शाबासकी आहे.

ऑगस्टमध्ये तालीम झाली, सांस्कृतिक बाईंच्या बेसमेंटमध्ये. समितीतली पाच-सहा माणसं, समोशांचे ट्रे, कोपऱ्यात ट्रेडमिल. भाऊंनी गाणं म्हटलं, पूर्ण, चारही कडवी, प्रत्येक कडव्याला नाव. गाणं संपलं. मग एकदम सगळे चहाकडे वळले. बाई मला वर किचनमध्ये घेऊन गेल्या.

आवाज फँटास्टिक आहे, त्या म्हणाल्या. चाल तर काय, अंगावर काटा येतो. फक्त एक छोटी गोष्ट.

"ते नाव तेवढं काढता येईल का? म्हणजे मला पर्सनली काहीच नाही गं, यू नो मी. पण फॅमिली प्रोग्राम आहे, उगीच पॉलिटिकल वाटतं. त्या जागी 'गुरुराया' छान बसतं, मी मनात म्हणून पाहिलं. किंवा 'देवा' म्हणू दे."

देवा! देव सोडल्याची शपथ घेतलेल्या माणसाला ही बाई त्याच्याच गाण्यात देव बसवून देत होती, आणि वर मीटरमध्ये बसतो म्हणून खूश होती. मी तिथे किती आवाज चढवला मला आठवत नाही, खाली ऐकू गेला एवढं नक्की. मी विचारलं, जूनमध्ये टोरांटोला तुम्ही उभं राहून कुणाचं नाव ओरडत होतात? तो राजकारणी नव्हता? मजुरांचा पुढारीच होता ना? त्याचं नाव तुम्हाला धड उच्चारता येत नव्हतं, तरी रडत होतात. तिथे नाही कुणी म्हणालं, याच्या जागी 'देवा' म्हणा.

"ते वेगळं गं," बाई म्हणाल्या. "ते त्यांचं आहे."

ही दोन वाक्यं मी इतक्या वर्षांत विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही. डच माणसाचा चिखल, डच माणसाचा मजूर आजा, डच माणसाचा संप, हे सगळं जागतिक संगीत. आमचं मात्र पॉलिटिकल. तो माणूस जगभर लोकप्रिय झाला तो काही फार अवघड वाजवत होता म्हणून नव्हे. वाजवणारे त्याच्याहून तयार किती तरी असतील. तो आपलं गाव जसंच्या तसं घेऊन स्टेजवर चढत होता आणि त्यातला एक शब्दही त्याला कुणी खाली ठेवायला सांगत नव्हतं. शेजारच्या घरात ऐकलं जात नाही ते गाणं जगात कुठून जाणार? आणि आमचे शेजारी म्हणजे कोण, तर आमचीच भाषा बोलणारे, आमच्याच गाडीतून ग्रोसरीला येणारे, विंटर टायर कुठे स्वस्त मिळतात ते मला विचारणारे लोक.

मी भाऊंना घेऊन तडक निघाले. गाडीत सांगून टाकलं, आपण गाणार नाही. पेटी उद्या व्हिटबीला परत. मी गाडी हायवेला घेतली.

मग भाऊ म्हणाले, "मी म्हणतो ना बाई. कायले एवढी तापतं?"

मी म्हटलं, नाव काढून? तुम्ही?

"मी ऑक्टोबरात चाललो. तुले इथं राहाचं हाय. पोरीले इथं राहाचं हाय."

मी गाडी एका पेट्रोल पंपावर वळवून थांबवली आणि भांडले. तुम्ही दगड खाल्लेत, मी म्हटलं, आणि इथे समोशाच्या ट्रेसमोर वाकता? माझ्यासाठी म्हणत असाल तर मला नकोय. मला या लोकांची गरज नाही. भाऊंनी ऐकून घेतलं. गरज पडते, म्हणाले. बर्फात गाडी बंद पडली तर फोन कोणाला करशील? नवरा तिकडे दूर. मला त्यांचा इतका राग आला की स्नेहसंमेलनापर्यंत मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. राग यासाठी की मागच्या जानेवारीत खरंच गाडी बंद पडली होती आणि खरंच त्याच बाईंचा नवरा जंपर केबल घेऊन आला होता. हे मीच भाऊंना फोनवर कौतुकाने सांगितलेलं होतं.

स्नेहसंमेलन एका हायस्कूलच्या सभागृहात होतं. मुलांचं लेझीम झालं, एक नाटुकलं झालं. मग सांस्कृतिक बाई माइकवर आल्या आणि म्हणाल्या की आता आपले एक आजोबा लोकसंगीत सादर करणार आहेत. भाऊ पांढऱ्या कपड्यांत पेटीमागे बसले. मी आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. ते काय म्हणणार आहेत, मला माहीत नव्हतं. विचारायला मी त्यांच्याशी बोलत कुठे होते?

आवाज लागला आणि सभागृह गप्प झालं. पहिलं कडवं संपत आलं. नावाची जागा आली आणि भाऊंनी तोंड मिटलं. 'देवा' म्हणाले नाहीत, 'गुरुराया' म्हणाले नाहीत. नावाचे सूर नुसते पेटीवर वाजले, एकेक, स्वच्छ, आणि ते पुढच्या कडव्यावर गेले. प्रत्येक कडव्याला तसंच. जिथे पाचशे माणसं उत्तर द्यायची तिथे नुसता भाता हलत होता. मला ते ऐकवेना. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वाकून म्हणाले, काय सुंदर अ‍ॅरेंजमेंट आहे, व्हेरी क्लासी.

टाळ्या थांबेनात. वन्स मोर, वन्स मोर सुरू झालं. सांस्कृतिक बाई स्टेजवर धावल्या, डोळे भरलेले, अगदी टोरांटोला भरले होते तसे. काका, अजून एक, प्लीज, म्हणाल्या आणि माइक भाऊंच्या तोंडापुढे धरला.

भाऊ म्हणाले, "माह्याजवळ बिना नावाचं दुसरं गाणं नाई, मॅडम."

सभागृहात काही जण हसले. म्हाताऱ्याचा विनय वाटला असावा. बाईंनी माइक स्वतःकडे घेतला आणि पुढच्या रांगांत बसलेल्या, मराठी न कळणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीत सांगितलं, "ही सेज दिस इज द ओन्ली साँग ही नोज."

मुलांमधून कौतुकाचा एक लांब सूर निघाला आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. पहाटेपर्यंत ज्याची गाणी संपत नसत तो माझा बाप, पेटीचा भाता बंद करून उभा राहिला. इंग्रजी त्याला कळत नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत आहेत म्हणून तो हात जोडून सगळीकडे मान लववत राहिला.