मामाचा तुकडा

मटण आमच्या मानोऱ्याच्या भागात घरोघरी खातात, पण मटणाच्या एका तुकड्यापायी अख्ख्या नात्यागोत्याला वेठीस धरणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. इंझोरीच्या या गृहस्थानं मला जेवढं छळलं तेवढं कॉलेजच्या परीक्षांनीही छळलं नाही; आणि त्या परीक्षा आमच्या खानदानात पहिल्यांदा मीच दिल्या होत्या, हेही सांगून ठेवतो.

मामाला रस्सा चालत नाही. वऱ्हाडातला माणूस आणि रस्सा नको म्हणतो, इथूनच आमच्या डोक्याला ताप सुरू होतो. त्यांचं म्हणणं असं की बोकडाच्या मागच्या मांडीचा, तळहाताएवढा, जाड, बिनहाडाचा तुकडा घ्यावा, बाभळीच्या निखाऱ्यांवर धरावा, मिठाशिवाय काही लावू नये आणि खाताना कोणाशी बोलू नये. वाशीमकडच्या मालेगावला एका सोयऱ्याच्या पंगतीत लालभडक तर्रीचं मटण समोर आलं, तर वाढणाऱ्याला यांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, एवढं पांघरून घालून कोणाले निजवलं याच्यात?" त्या घरचं आमंत्रण आजकाल मला एकट्यालाच येतं, आणि येताना "मामाले त्रास देऊ नका" असा निरोपही सोबत येतो.

मी बी. ए. झालो तेव्हा मामांनी जाहीर केलं की भाच्याच्या जेवणाचा बोकड मीच आणणार. सकाळी बाजारात गेले. मी सोबत होतो, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. प्रत्येक बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचे, मग त्याच्यासमोर उकिडवं बसून डोळ्यांत बघायचे. "हा भेलेला हाये. भेलेल्या जनावराचं मटन चिवट राह्यते." पुढचा रागीट निघाला, त्याच्या पुढचा उदास. दुपार झाली. इकडे घरी माझे प्राध्यापक अंगणात सतरंजीवर बसून होते, आणि शेवटी मामीनं त्यांना पिठलं-भाकर वाढली. "घ्या सर," ती म्हणाली, "बोकड अजून पसंत पडून नाई राह्यला." दिवस मावळायला आल्यावर आम्ही बोकड घेऊन घरी पोचलो, तेव्हा अंगण रिकामं होतं. मामा खूश होऊन म्हणाले, "बरं झालं बापू. गर्दीत मजा येत नाई."

आषाढात, आखाडीच्या सणाला गावातले चार-पाच घरवाले मिळून बोकड घेतात. खाटीक मटण तोडून पळसाच्या पानांवर सारखे वाटे लावतो. कोणता वाटा कोणाचा, यावरून भांडण नको म्हणून वाटे लागायच्या आधीच एकानं पाठ करून उभं राहायचं. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो, विचारणारा ते लिहून घेतो. हे काम वर्षानुवर्षं मामांकडे आहे, आणि वर्षानुवर्षं तो मांडीचा अख्खा तुकडा मामांच्याच वाट्याला येतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं नशीब. नशीब काही नाही. एकदा खुशीत असताना त्यांनीच मला सांगितलं: हाडाचे तुकडे पानावर पडले की खडखड करतात, मांडीचा तुकडा थप्प करून पडतो. तो कोणत्या बाजूला पडला ते कान देऊन ऐकायचं, आणि विचारणाऱ्याचा आवाज त्याच बाजूनं आला की आपलं नाव घ्यायचं. "मामा, ही बेइमानी आहे," मी म्हणालो. "कायची बेइमानी? कान तं सगळ्यायलेच हायेत."

अशा माणसाचे दात हलायला लागले. महिनाभर त्यांनी लपवलं, मग गाल सुजला तेव्हा मी ओढत वाशीमला नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "काका, सगळे काढावे लागतील. कवळी बसवू."

"त्या दातानं निखाऱ्यावरचा तुकडा तुटन का?"

"आता मऊ खायचं, काका. खिमा खात जा."

मामा खुर्चीवरून उठले. परतीच्या एसटीत मी समजावून समजावून थकलो, ते खिडकीबाहेर बघत बसले. इंझोरी आली तेव्हा बोलले, "खिमा चावला कोनं? मशीननं. मंग चव बी मशीनलेच आली ना."

शेवटी दुखण्यानं हार मानायला लावली. दात गेले, कवळी आली, दोन घास तिनं चावले आणि ती आलमारीत गेली. "दुसऱ्याच्या तोंडानं खाल्ल्यावानी वाटते," एवढंच कारण. मामी भाकर दुधात कुस्करून द्यायची. मामा खायचे आणि कोणालाच नावं ठेवत नव्हते. मला त्याचाच धसका बसला.

यंदाच्या आखाडीला मी मुद्दाम गेलो. खाटीक वाटे लावायला बसला. मामा नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले. मी कान देऊन होतो. डाव्या टोकाच्या पानावर थप्प वाजलं. तिथूनच आवाज आला, "हा कोणाचा?"

"भाच्याचा," मामा म्हणाले.

"तुमचा भाचा तं वाट्यात नाईच ना भाऊ."

"माह्या वाट्यातला हाये तो. लिही नाई तं नको लिहू, हा त्याचाच."

संध्याकाळी शेतातल्या गोठ्यात बाभळीचे निखारे केले. मामांनी मला एक काम धड करू दिलं नाही. पालटू नको, आता पालट, काहून टोचून राह्यला त्याले, मास्तर झाला पण हात काई सुधरला नाई. मी चिडून म्हणालो, "मग तुम्हीच भाजा." तुकडा त्यांनीच उतरवला, पानावर माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः समोर उकिडवं बसले, त्या बाजारातल्यासारखे, माझ्या डोळ्यांत बघत.

"मामा, थोडा रस तरी चाखा..."

"बोलू नको. खाय."

मी खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा घाई न करता, न बोलता खाल्लं. बाहेरून जळका, आत मऊ, आणि मटणाला स्वतःची गोडी असते हे मला त्या दिवशी कळलं. मान वर केली तर मामांचा रिकामा जबडा माझ्यासोबत हलत होता. मी थांबलो की थांबायचा, मी चावलं की चालू व्हायचा.

तुकडा संपला. मामांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"मीठ कमी पडलं," म्हणाले.

खरंच कमी पडलं होतं.