लोकरीखालची खाच

जुन्या लोखंडाचा धंदा करणाऱ्या गुरप्पाला व्यसन एकच, संगिनी ओळखण्याचं. सोलापुरातल्या कुणा साहेबाला दिवाणखान्यात टांगायला कंपनीच्या काळातली संगीन हवी झाली, की बोलावणं गुरप्पाला. तो ती बोटांनी चाचपी आणि सोयरिकीतल्या मुलीचं कूळ सांगावं तशी तिची हकीकत सांगे. किंमतही तोच ठरवी. साहेब खूश, गुरप्पा साहेबाहून खूश. बायको ईरम्मा म्हणे, "अवो, घरची माणसं वळखा की येवढी!"

तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं, तरी पोलिसांना विळ्यातही बंड दिसे. अशात चौकीतून बोलावणं आलं.

टेबलावर धनगरी काठी होती. टोकाला तीनधारी संगीन, सांध्यावर काळी लोकर गच्च गुंडाळलेली. कोपऱ्यात मायाप्पा धनगर उकिडवा बसलेला. गुरप्पानं संगीन बघताक्षणी ओळखली. लांडग्याच्या भ्यानं मेटाकुटीला आलेल्या मायाप्पाला ही संगीन त्यानंच विकली होती, तीही बिनपरवाना.

"कुठं मिळाली?" फौजदारानं दरडावलं.

"सांगितलं न्हवं का सायेब, वड्यात घावली," मायाप्पा म्हणाला. गुरप्पाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

फौजदार गुरप्पाकडे वळला. "पलटणीतून चोरलेली दिसते. तसं असेल तर हा गेला आत. बोला."

गप्प बसावं तर मायाप्पा अडकतो, बोलावं तर आपण. बेतानं बोलू, गुरप्पानं ठरवलं.

"न्हाय साहेब. आताची संगीन चपटी असती, सुरीसारखी."

"तीनधारी बापाच्या वेळेपर्यंत होत्या की पलटणीत!"

बेत तिथंच बुडाला.

"त्या येगळ्या हो! त्यांच्या बुडाच्या नळीला फिरतं कडं असतंय. हिला कडं न्हाय, नुसती वळणाची खाच. शंभर वर्सांची तरी हाय. साहेबलोक मागाल ती किंमत देतील!"

फौजदारानं सावकाश लोकर उलगडली. कडं नव्हतं. खाच होती.

"धनगरा, तू जा," तो म्हणाला. "गुरप्पा, तुम्हाला लोकरीतून दिसतं वाटतं?"

मायाप्पा दारात घुटमळला. "कशाला बोलला वो, आण्णा? मी निभावलं असतं की."

तो गेल्यावर फौजदारानं कपाट उघडलं. जप्तीच्या तलवारी, कट्यारी, संगिनी खच्चून भरलेल्या.

"परवान्याचं नंतर बघू. मोठ्या साहेबाला नजराणा द्यायजोगं काय आहे, ते निवडा. आणि दर बाजारच्या दिवशी येत जा."

आता तरी तोंड शिवून घ्यायचं, असं म्हणत गुरप्पानं पहिली संगीन उचलली. बोट नळीवरून फिरलं.

"ही बनावट हाय, साहेब."

फौजदारानं खुर्ची जवळ ओढली.